श्वेतनिर्णय, अर्थात मंद उजेडात पांढरं कशाला म्हणावं

धर्मशास्त्राच्या ग्रंथांत एक मोठी उणीव राहून गेली आहे. कमलाकर भट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ लिहून कोणती तिथी कोणत्या दिवशी धरावी याचा घोळ निस्तरला. काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी पंढरपुरात बसून १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ रचला आणि उरल्यासुरल्या शंकाही मार्गी लावल्या. पण नवरात्रात समईच्या उजेडात मोबाइलनं व्हिडिओ काढताना पांढरं कशाला म्हणावं, याबद्दल दोघांनीही अवाक्षर काढलेलं नाही. या अक्षम्य मौनाची भरपाई प्रस्तुत निबंधात करायची आहे. विषय क्षुल्लक आहे असं ज्यांना वाटत असेल त्यांनी आपल्याच घरातल्या बारशाचा व्हिडिओ काढून पाहावा. त्यात बाळाला कावीळ झालेली आणि आत्या निळी पडलेली दिसली, तर पुढे वाचावं.

विचारासाठी स्थळ घेतलं आहे तंजावर. पांढऱ्याचा प्रश्न खरोखर बिकट व्हायला एकाच खोलीत एकमेकांशी न पटणारे चार उजेड लागतात, आणि ते तंजावरच्या जुन्या मराठी घरात आश्विनात आयते जमतात. व्यंकोजीराजांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या काळात इथे येऊन राहिलेल्या घराण्यांनी घरात मराठी सांभाळली, नवरात्रात मात्र शेजारच्या तमिळ घरांसारखा कोलू मांडला: विषम संख्येच्या पायऱ्या, त्यांवर पांढरं वस्त्र आणि वस्त्रावर बाहुल्या. मेल वीदीतल्या ज्या घराचा आधार इथे घेतला आहे, तिथे नऊ पायऱ्या असतात. वर कलश, त्याखाली दशावतार, मग रामपंचायतन, मग एका पायरीवर नादस्वरवाल्यांसकट अख्खं लग्न. सगळ्यात खाली चेट्टियार शेठ आणि त्याची बायको दुकान मांडून बसलेली. त्यांच्यापुढे बोटाच्या पेराएवढ्या टोपल्यांत खरी तूरडाळ, खरे तांदूळ, खरी मिरी. कडेला रक्तचंदनाचं मरप्पाच्ची जोडपं, घरच्या मामींच्या विरलेल्या साडीच्या काठातून शिवलेल्या कपड्यांत. आणि मान डोलावणारी तंजावरी बाहुली, जी पंख्याच्या वाऱ्यावर कुणाच्याही म्हणण्याला होकार देत असते.

आता उजेड. डाव्या हाताला पितळी कुत्तुविळक्कु, म्हणजे पाच वातींची समई. छताला ट्यूबलाइट. पायऱ्यांच्या कडेनं एलईडीची माळ. आणि समोरच्या उघड्या चौकातून, सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटं, आकाश. प्रकाशाचा रंग शास्त्रात तापमानानं मोजतात. तेलाची ज्योत १,९०० केल्विनच्या आसपास, ही ट्यूब ६,५०० ची, संध्याकाळचं निळं आकाश १०,००० च्या पुढे. माळेला स्वतःचं असं मत नाही, ती दर सेकंदाला बदलते.

या मापनातच पंडितांची पहिली फजिती होते. घरात आपण पिवळ्या उजेडाला ऊबदार म्हणतो आणि निळ्याला थंड. लोहाराच्या भट्टीचं ऐकाल तर उलट आहे: लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं, आणि त्याहून तापवता आलं असतं तर निळसर झालं असतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तर आणखी उलट. तिथे आकडा ६,५०० केला की चित्र पिवळं होतं, कारण आपण त्याला ‘इथला उजेड निळा आहे’ असं सांगितलेलं असतं आणि तो भाबडेपणानं त्यात पिवळं मिसळतो. हे ज्याला एका दमात समजलं तो आधीपासूनच कॅमेरामन असला पाहिजे.

त्यातही केल्विनचे आकडे सारख्या वजनाचे नाहीत. ५,५०० च्या जागी ६,५०० धरले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. २,००० च्या जागी ३,००० धरले तर मरप्पाच्ची नवरा-बायको गाजराच्या हलव्यात पडल्यासारखी दिसतात. म्हणून जाणकार लोक दहा लाखाला केल्विननं भागून ‘मायरेड’ काढतात. पहिल्या चुकीचे मायरेड अठ्ठावीस भरतात, दुसऱ्या चुकीचे एकशे सदुसष्ट. एक हजार केल्विनची तीच चूक, पण दिव्यापाशी केली तर सहापट महाग. यावरून समईच्या उजेडात आकडा अंदाजपंचे ठेवू नये, एवढा पहिला निर्णय झाला.

दुसरी अडचण उजेडाच्या तुटवड्याची. एक मेणबत्ती एका मीटरवर जेमतेम एक लक्स प्रकाश देते; भर दुपारच्या उन्हात तो लाखाच्या घरात असतो. पाच वाती म्हणजे पाच मेणबत्त्या धरा, आणि कोलू दीड-दोन मीटर दूर. तंगी सगळ्यांनाच आहे, पण तिन्ही रंगांना सारखी नाही. दिवसाच्या प्रकाशात ४५० नॅनोमीटरचा निळा आणि ६२० चा लाल साधारण बरोबरीनं असतात. १,९०० केल्विनच्या ज्योतीत तोच निळा लालच्या विसाव्या हिश्शावर येतो. हे प्लांकच्या सूत्रात दोन आकडे घालून कुणालाही ताडून पाहता येईल. म्हणजे वस्त्र पांढरं दाखवायचं तर कॅमेऱ्याला निळ्याची ती क्षीण कुजबुज कित्येक पटींनी वाढवावी लागते, आणि कुजबुजीबरोबर खोलीतली सगळी खरखरही वाढते. काळोख्या भागात जांभळे-निळे ठिपके मुंग्यांसारखे वळवळताना दिसतात ते यामुळे. व्हिडिओमध्ये तर साधारणपणे चित्र जागच्या जागी दाबून साठवलेलं असतं. स्थिरचित्राच्या ‘रॉ’ फाइलसारखा निर्णय उद्यावर ढकलता येत नाही. जे पांढरं मानलं ते मानलं.

पूर्वपक्ष म्हणतो की एवढ्या वादाची गरजच काय, कॅमेऱ्यात ‘ऑटो’ आहे. ही बाजू लोकप्रिय असल्यानं तिचं खंडन सविस्तर करणं भाग आहे.

आपल्याकडे नैयायिक, मीमांसक आणि वेदान्ती यांनी कित्येक शतकं एका शंखावर घालवली. पित्तानं डोळे पिवळे झालेल्या माणसाला पांढरा शंख पिवळा दिसतो. मग त्याला झालेलं ज्ञान कोणत्या प्रकारचं? कुणी म्हणाले, पिवळेपणा डोळ्यातला आणि शंख बाहेरचा, दोघांची गफलत झाली. कुणी म्हणाले, गफलत अशी नाहीच, त्या माणसाला दोघांतला फरक तेवढा जाणवला नाही. या वादात कोणत्याही पक्षानं दिव्याचा मुद्दा गांभीर्यानं काढला नाही, याचं आम्हाला आश्चर्य वाटतं. शंख समईपाशी ठेवला तर निरोगी माणसालाही तो पिवळाच दिसायला हवा. आणि तरी दिसत नाही, कारण मेंदू उजेडाचा रंग वजा करून टाकतो. योहानेस फॉन क्रीस या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या वजाबाकीचा एक हिशेब मांडला: डोळ्यातल्या तीन प्रकारच्या पेशी आपापली संवेदना उजेडाप्रमाणे कमी-जास्त करतात. कॅमेऱ्यातला ऑटो हाच हिशेब करतो, फक्त त्याला डोकं नाही. तो असं गृहीत धरतो की जगातल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडी असते, आणि जे चित्र तशी सरासरी देत नाही त्यातला उजेडच रंगीत असणार.

मुंबईच्या कचेरीत हे गृहीतक बरं चालतं. कोलूपुढे पार कोलमडतं, कारण कोलूत राखाडी असं काही नसतंच. लाल बाहुल्या, पितळ, हळद, झेंडू, रक्तचंदन. कॅमेरा सरासरी काढतो, ती लालभडक येते, आणि उजेडच लाल आहे असं समजून तो सगळ्यावर निळा हात फिरवतो. एवढ्यात मोठ्या मामी अंजिरी कांजीवरम नेसून ओवाळायला पुढे येतात. चौकट अर्धी साडीनं भरते, आणि मागचं वस्त्र, जे आतापर्यंत निळसर होतं, ते आता हिरवट होतं. मामी बाजूला झाल्या की पुन्हा निळसर. अशा व्हिडिओत देवीचा रंग ओवाळणाऱ्या बाईच्या साडीवर ठरतो, जे कोणत्याही संप्रदायाला मान्य होणार नाही. सबब ऑटो बंद करावा. आकडा आपण द्यावा आणि तो कुलूपबंद ठेवावा, ओवाळणारी कुणीही असो.

आता आकडा द्यायचा तर पांढरं किंवा राखाडी असं काहीतरी प्रमाण समोर धरायला हवं. कॅमेरावाले त्यासाठी अठरा टक्के प्रकाश परतवणारा राखाडी पुठ्ठा बाळगतात. पांढऱ्यापेक्षा राखाडी बरा, कारण पांढरं लवकर भाजतं: ज्योतीच्या उजेडात लालचा घडा आधी भरून वाहू लागतो आणि मग प्रमाण म्हणून त्याचा उपयोग उरत नाही. पण पुठ्ठा ऐन वेळी घरात कुणाकडे नसतो. तेव्हा तंजावरात उपलब्ध असलेल्या पांढऱ्या वस्तूंची तपासणी अगत्याची ठरते.

पहिला मान कोलूच्या वस्त्राचा. ती मामांची वेष्टी (धोतर) असते, धुवट, कडक, नजरेला शुभ्र. पण ती नीळ दिलेली आणि साबणातल्या चमकद्रव्यानं माखलेली असते. हे द्रव्य अतिनील किरण गिळून निळा प्रकाश बाहेर टाकतं. उघड्या चौकातून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात वेष्टी आहे त्याहून निळी भासते आणि समईखाली हे ढोंग बंद पडतं, कारण ज्योतीत अतिनील जवळजवळ नसतं. उजेड बघून रंग बदलणाऱ्या साक्षीदारावर न्यायालय विश्वास ठेवत नाही. विभूती बरी, रंगानं राखाडीच. पण हल्ली ती चंदन मिसळून सुगंधित येते आणि तेवढीच पिवळट होते. मल्लिगै, म्हणजे मोगरा, कळी असताना हिरवट, उमलल्यावर पांढरा आणि आरतीपर्यंत तपकिरी. दहीभाताचा विचार आम्ही गांभीर्यानं केला होता, परंतु त्यातली फोडणी आड आली.

इडलीचं प्रकरण वेगळं आहे. तिचा पृष्ठभाग मंद आहे, चमकत नाही. कडेला उतार असल्यानं उजेड कुठून येतो तेही समजतं. आणि आकार सगळीकडे जवळपास सारखा, म्हणजे प्रमाणीकरणाचा प्रश्न निम्मा सुटलेला. उडदामुळे ती किंचित पिवळट असते, पण हा दोष कायमचा ठाऊक असल्यानं वजा करता येतो. प्रमाण म्हणून तिच्यात एकच खोट आहे: आरतीच्या वेळेपर्यंत ती शिल्लक राहत नाही.

गावातली सगळ्यात भरवशाची पांढरी वस्तू म्हणजे खुद्द सरफोजीराजे. राजवाड्यात त्यांचा संगमरवरी पुतळा आहे, लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकारानं घडवलेला. पण तो मेल वीदीत उचलून आणता येत नाही.

सरफोजींचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबायला हवं. हा राजा (१७७७ ते १८३२) श्वेतनिर्णयाचा आद्य आचार्य आहे, आणि हे अजून कुणी म्हटलेलं नाही. सरस्वती महाल ग्रंथालय त्यानं भरभराटीला आणलं हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. त्याच ग्रंथालयात त्याच्या काळातल्या नेत्ररोग्यांच्या नोंदी आहेत, आजारी डोळ्यांच्या चित्रांसकट. राजानं धन्वंतरी महाल काढला होता आणि तिथे मोतीबिंदूवर उपचार होत. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलंच पिवळं-तपकिरी झालेलं भिंग. ते निळा प्रकाश अडवतं, आणि रोग इतका हळूहळू येतो की रोग्याला जग पिवळं झाल्याचं कळतही नाही. फ्रेंच चित्रकार मोने याच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया १९२३ मध्ये झाली, आणि मग आपली आधीची चित्रं आणि आताचं जग यांतले रंग जुळेनात म्हणून तो वैतागला. शंभर वर्षं आधी तंजावरातल्या ज्या म्हातारीचं भिंग बाजूला केलं गेलं, तिला घरी परतल्यावर वेष्टी निळी दिसली असेल, आणि धोब्यानं नीळ जास्त घातली असं तिनं सुनेला सुनावलंही असेल. नोंदींत हे नाही. डोळ्याचं चित्र काढणारा चितारी मात्र ते दिवसाउजेडी, खिडकीशी बसून काढत असावा असं मानायला जागा आहे. समईशी बसून पिवळा डोळा आणि पांढरा डोळा यांतला भेद कुणाला रंगवता येत नाही.

मूळ प्रश्नाकडे. पांढऱ्या वस्तूंनी दगा दिल्यावर उपाय काळ्या वस्तूत सापडतो, आणि त्याचा पुरावा गावात राजरोस बसलेला आहे. बृहदीश्वराच्या पटांगणात एकाच शिळेतला प्रचंड नंदी आहे. प्रदोषाला, म्हणजे नेमका उजेड कमी होताना, त्याला अभिषेक होतो. तेला-पाण्यानं तो काळाभोर चकाकतो. त्या चकाकीकडे नीट पाहा. दगड काळा आहे, पण चकाकी काळी नाही. ती ज्या उजेडाची आहे त्या उजेडाच्याच रंगाची आहे. तेलाच्या पातळ थरावरून जो चार-पाच टक्के प्रकाश थेट परततो तो आतल्या दगडाला भेटून येत नाही, त्यामुळे दगडाचा रंग उचलत नाही. आकाशाकडची चकाकी निळी, दिव्याकडची नारिंगी, दोन्ही एकाच पाठीवर. पांढरी वस्तू स्वतःबद्दलही काही सांगते. तेल लावलेला काळा दगड फक्त उजेडाबद्दल सांगतो.

धातूंचं तसं नाही. तंजावरी चित्रात कृष्णाच्या दागिन्यांना जो सोन्याचा वर्ख असतो, त्याची चकाकी सोनेरीच येते, कारण सोनं परतवतानाच निळा गिळतं. पितळी समईचंही तेच. म्हणजे कोलूतल्या सगळ्यात चमकदार वस्तू नेमक्या खोट्या साक्षी आहेत. घरात नंदी नसेल तर काळ्या पाषाणाचा पिळ्ळैयार, म्हणजे गणपती, चालेल, तोही नसेल तर कुणाच्याही डोळ्यातला बुबुळावरचा ठिपका. एक पथ्य: ठिपका पूर्ण पांढराफटक भाजलेला नसावा. त्यासाठी चित्रण थोडं अंधारं ठेवावं. मग संपादनाच्या वेळी त्या ठिपक्यावर पिपेट टेकवली की उजेडाचा आकडा मिळतो.

कोणत्या उजेडाचा, हा प्रश्न मात्र पिपेट सोडवत नाही. वस्त्र एकच, पायऱ्या नऊ, आणि वरच्या पायरीला ट्यूब जवळ, खालच्या पायरीला समई. दशावतारांपाशी पांढरं धरलं तर चेट्टियारचे तांदूळ तूरडाळीसारखे दिसतात. चेट्टियारपाशी धरलं तर मत्स्य आणि कूर्म हिमालयात गेल्यासारखे निळे पडतात, आणि ट्यूबच्या आतल्या लेपाची हिरवी झाक वेगळीच, जी केल्विनच्या पट्टीवर बसतच नाही. तिच्यासाठी हिरवा-किरमिजी असा दुसरा काटा फिरवावा लागतो. मध्ये, लग्नाच्या पायरीपाशी, नवरा निळा आणि नवरी पिवळी.

यावर सिद्धान्त असा की दोन उजेडांची सरासरी काढू नये, एक मालवावा. ट्यूब बंद करून समई ठेवावी, आणि कमी पडेल तेवढा प्रकाश २,७०० केल्विनच्या साध्या बल्बनं, भिंतीवरून परतवून द्यावा. शटर १/५० किंवा १/१०० वर धरावं, कारण आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची आहे आणि दुसऱ्या गतीला चित्रात पट्टे सरकतात. माळेला उपाय नाही, तिची पिन काढावी. आणि आकडा १,९०० इतका खाली आणू नये. समईच्या उजेडात बसलेल्या माणसाची नजरही पूर्ण वजाबाकी करत नाही, थोडं पिवळं शिल्लक ठेवते. तेवढं व्हिडिओतही राहू द्यावं. २,४०० ते २,७०० च्या मध्ये कुठेतरी. काटेकोर पांढरं केलं तर कोलू सरकारी दवाखान्यात मांडल्यासारखा दिसतो.

हा सिद्धान्त मेल वीदीत मांडला गेला तेव्हा त्यावर सुंडल, म्हणजे कडधान्याचा प्रसाद, वाटत असलेल्या मामींनी आक्षेप घेतला. “ट्यूब कशाला बंद करतोस रे? सवाष्णी अंधारात बसणार का? आणि एवढ्या बाहुल्या वरून काढून पुसल्या त्या दिसायला नकोत?” त्यांचं म्हणणं शास्त्रशुद्ध होतं: मंद उजेडात डोळ्याची रंगाची शक्तीच उतरते, लाल काळपट होतो आणि निळा उजळ वाटतो, हे चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यानंही सांगून ठेवलं आहे. मान डोलावणाऱ्या बाहुलीनं होकार दिला. तडजोड अशी ठरली की सवाष्णी असेतो ट्यूब, आणि त्या गेल्यावर समई.

त्यामुळे चित्रण सातला व्हायचं ते साडेआठला झालं. पिळ्ळैयारच्या पोटावरच्या ठिपक्यावरून आकडा काढला, कुलूप लावलं, वस्त्र तळापासून माथ्यापर्यंत एका रंगात आलं, चेट्टियारचे तांदूळ तांदूळ दिसले, मरप्पाच्चीच्या काठातली जर जर दिसली. व्हिडिओ लगेच सिडनीला भाच्याला पाठवला. तिथे मध्यरात्र उलटून गेली होती. रात्री झोप उडू नये म्हणून पडद्यातला निळा आपोआप कमी करणारी सोय त्याच्या फोनवर संध्याकाळपासूनच चालू होती. त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं: “छान आहे मामी, पण सगळं फार पिवळं आलंय. ट्यूब लावून परत काढता येईल का?”